फाउल

मॅरिटची थाळी मीच शोधून आणतो.
शाळेमागे मैदान संपतं तिथून बीटचं शेत लागतं,
काढणी झाल्यावर ढेकळांत ती
ढेकळासारखीच पडलेली असते.

मोंटानाच्या या बाजूला वारा कुणाला विचारून येत नाही.
गावात धान्याची एक कोठी, दोन चर्च,
आणि शाळा, जिच्या अकरावीत यंदा नऊ मुलं.
थाळीफेकीचे कोच म्हणजे मिस्टर प्रुइट.
आठवडाभर ते ड्रायव्हिंग शिकवतात
आणि दोन्हीकडे एकच सांगतात,
वळण्याआधी बघ.

इथे कुठल्या कॉलेजचा कोच कधी आलेला नाही,
वाट चुकूनसुद्धा.
म्हणून माझी बहीण पत्रं लिहिते,
आईच्या कॅफेत, शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर,
ज्या एका टेबलापर्यंत वायफाय पोचतं तिथे बसून.
आई पाच ताटल्या एका हातावर पेलत आत-बाहेर करते,
एकही पडू देत नाही.
मुलीचं उलटं:
एकच थाळी, आणि ती जितकी लांब पडेल तितकी बरी.

वहीत रकाने आखलेत. कॉलेज, कोच, तारीख, उत्तर.
शेवटच्या रकान्यात बहुतेक कॉफीचे डाग.

«प्रिय कोच, मी मॅरिट एंगेब्रेटसन,
उंची पाच फूट दहा,
सर्वोत्तम फेक एकशे एकतीस फूट चार इंच,
गणितात बऱ्यापैकी.»
आधी ‘उत्तम’ होतं. तिनंच खोडलं.

एकदा नाव बदलायचं राहिलं.
ओबरमायरबाईंना गेलं, «प्रिय कोच लिंडक्विस्ट».
चार महिन्यांत आलेलं ते पहिलं खरं उत्तर:
«मी लिंडक्विस्ट नाही. भेटले तर नमस्कार सांगते.»
दोन दिवस मॅरिट माझ्याशीसुद्धा बोलली नाही.

बाकी येतात ती पत्रकं.
उन्हाळी शिबिर, तीनशे नव्वद डॉलर, जेवण धरून.
वर ठळक अक्षरांत: आमचं तुझ्यावर लक्ष आहे.
बाबा बीटचा ट्रक धुता धुता म्हणाले,
वीजकंपनीचंही असतं.

व्हिडिओ मी काढतो,
पिकअपच्या मागच्या फळीवर उभा राहून,
कोपर बरगडीला टेकवून, श्वास धरून.
चांगल्या फेका ठेवतो, वाईट पुसतो.
एक पुसली नव्हती.

त्या संध्याकाळी थाळी हातातून सुटली
ती जणू परत यायचंच नाही अशी.
मैदानात तिसरं कुणी नाही. टेप माझ्या खिशात.
मी ओरडलो, «एकशे चाळीस!»
तिनं खाली बघितलं.
वर्तुळापुढच्या मातीत बुटाचं टोक उमटलेलं, बोटभर.
पायानं सारखं करता आलं असतं.
«फाउल,» म्हणाली,
आणि त्या दिवशी थाळी आणायला स्वतः गेली.

सदतिसाव्या पत्राला तीच फाइल जोडली गेली.
मी जोडली. चुकून.
चुकूनच, असं मी अजूनही सांगतो.

मिनेसोटातलं छोटं कॉलेज, नावही आम्हाला नीट उच्चारता येईना.
तिसऱ्या दिवशी उत्तर:
«ही फेक धरता येणार नाही, हे तुला कळलंच आहे.
उजवी टाच उशिरा वळते.
रविवारी सातला फोन कर.
आणि तो ओरडणारा मुलगा कोण?
त्याला आधी मोजायला शिकव.»

रविवार. सहा पन्नास.
फोन मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवलाय.
आई ताटल्या वाजू देत नाही.
मॅरिटच्या कागदावर नऊ प्रश्न आहेत:
शिष्यवृत्ती, वसतिगृह, हिवाळ्यात सराव कुठे.
ते सगळे खाली ढकलून वर, आत्ताच, पेन्सिलनं,
एक घुसवलाय:
तुमच्याकडे वारा कुठून येतो?

मी टॉर्च घेऊन बाहेर पडतो.
कालची थाळी अजून शेतातच आहे.